दारावरचा कायदा आणि घरातला न्याय

१९६८ साली ब्रिटनच्या संसदेने आठ महिन्यांच्या अंतराने दोन कायदे केले. १ मार्चला मंजूर झालेल्या पहिल्या कायद्याने केनियातल्या भारतीय वंशाच्या लोकांची वाट अडवली. या लोकांच्या खिशात ब्रिटनचेच पासपोर्ट होते आणि केनिया स्वतंत्र होताना ते त्यांना राजरोसपणे मिळालेले होते. तरीही विधेयक अवघ्या तीन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार झाले. ऑक्टोबरमध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या कायद्याने घर भाड्याने देताना, कामावर ठेवताना, गिऱ्हाइकाला सेवा देताना माणसाचा वर्ण पाहून भेद करणे बेकायदा ठरवले. सरकार तेच, मजूर पक्षाचे, आणि गृहमंत्रीही तेच, जेम्स कॅलहॅन.

विसाव्या शतकातल्या ब्रिटनचा स्थलांतराचा आणि वर्णसंबंधांचा सगळा गुंता या जोडीत सापडतो. बाहेरच्या गोरेतर माणसाला दारात अडवायचे आणि आत आलेल्याला समान वागणुकीचे वचन द्यायचे. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, उलट एकमेकींना पूरक आहेत, असे त्या काळच्या राज्यकर्त्यांना मनापासून वाटत होते. मजूर पक्षाचे खासदार रॉय हॅटर्सली यांनी साठच्या दशकाच्या मध्यावर हे सूत्र नेमके मांडले. संख्येला आळा घातल्याशिवाय समाज एकजीव होणे अशक्य आणि एकजीव करण्याचे प्रयत्न नसतील तर आळा घालणे असमर्थनीय, असा त्याचा आशय. पुढची तीसेक वर्षे हुजूर आणि मजूर दोन्ही पक्ष थोड्याफार फरकाने याच सूत्रावर चालले.

शतकभराचा हिशेब मांडून पाहिला तर हे सूत्र टिकत नाही, असे माझे मत आहे. दार जसजसे आवळले गेले तसतशी घरातली कटुता वाढली. समतेच्या दिशेने जी पावले पडली, त्यांतली बहुतेक स्थलांतरितांनी आणि त्यांच्या मुलांनी स्वतः उभे राहून पाडायला लावली.

साम्राज्याची प्रजा

शतक सुरू झाले तेव्हा ब्रिटनमध्ये येऊन राहायला परक्या माणसाला जवळजवळ आडकाठी नव्हती. रशियाच्या साम्राज्यातल्या छळाला कंटाळून आलेले ज्यू लंडनच्या ईस्ट एंडमध्ये उतरत आणि शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांत राबत. घरभाडी वाढली, मजुरी पडली, रोगराई पसरली, की खापर त्यांच्यावर फुटे. त्यांच्याविरुद्ध १९०१ मध्ये ‘ब्रिटिश ब्रदर्स लीग’ उभी राहिली आणि १९०५ मध्ये परकीयांना रोखणारा पहिला आधुनिक कायदा झाला. घरे आधीच अपुरी आहेत, हे लोक कमी पगारात काम करतात, आपल्यात मिसळत नाहीत, हे आरोप पुढे जमैकन, पंजाबी, सिल्हेटी माणसांवर झाले. ते सगळे ज्यूंवर आधी करून झालेले होते.

साम्राज्याच्या प्रजेची गोष्ट निराळी होती. ती ‘परकीय’ नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास भारतीय खलाशी होते. त्यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान होते, गोव्याचे ख्रिस्ती स्वयंपाकी आणि वाढपी होते, इंजिनाच्या भट्टीपाशी राबणारे सिल्हेटी होते. गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगारात ते जहाज चालवत. युद्ध संपून कामे आटली तेव्हा १९१९ मध्ये लिव्हरपूल, कार्डिफ, साउथ शील्ड्स या बंदरांत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीय, अरब, आशियाई खलाशांवर हल्ले केले. लिव्हरपूलमध्ये चार्ल्स वूटन या तरुण खलाशाचा जमावाने गोदीपर्यंत पाठलाग केला आणि तिथे पाण्यात त्याचा अंत झाला. कोणालाही शिक्षा झाली नाही. १९२५ मध्ये सरकारने फर्मान काढले, की गोरेतर खलाशांनी आपण ब्रिटिश प्रजा असल्याचा पुरावा द्यावा, नाहीतर पोलिसांत परकीय म्हणून नोंद करावी. खलाशाकडे कुठला पासपोर्ट असणार? साम्राज्याचेच रहिवासी असलेले कित्येक जण या फर्मानाने कागदोपत्री परके झाले.

याच देशाने याच काळात मुंबईच्या सार्वजनिक जीवनातून आलेल्या तीन पारशांना संसदेत पाठवले होते. दादाभाई नवरोजी १८९२ मध्ये उदारमतवादी पक्षातर्फे निवडून आले, मंचरजी भावनगरी १८९५ मध्ये हुजूर पक्षातर्फे आणि शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये बॅटरसीतून. तत्त्व म्हणून साम्राज्याची सारी प्रजा समान होती. व्यवहारात ती समानता दादाभाईंसारख्या मोजक्यांपर्यंत पोचे, गोदीतल्या खलाशापर्यंत नाही.

आणि मोजक्यांनाही ती कितपत मिळे? वेस्ट इंडीजचा थोर अष्टपैलू लिअरी कॉन्स्टंटाइन १९४३ मध्ये लॉर्ड्सवर सामना खेळायला लंडनला आला. रसेल चौकातल्या इंपीरियल हॉटेलात त्याने चार रात्रींसाठी खोल्या घेतल्या होत्या. आल्यावर त्याला सांगण्यात आले, की एकच रात्र राहता येईल, कारण तुम्हाला पाहून अमेरिकन पाहुणे नाराज होतील. कॉन्स्टंटाइन कोर्टात गेला आणि जिंकला. पण वर्णभेदाविरुद्ध कायदाच नव्हता. खानावळवाल्याने वाटसरूला जागा नाकारू नये, या जुन्यापुराण्या नियमाचा आधार घेऊन न्यायाधीशाला निकाल द्यावा लागला. भरपाई मिळाली पाच गिनी.

हात हवे होते

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला मजुरांची चणचण भासू लागली. सरकारने आधी युरोपकडे पाहिले. युद्धात बरोबरीने लढलेल्या पोलिश सैनिकांसाठी १९४७ मध्ये पुनर्वसनाचा खास कायदा केला. निर्वासितांच्या छावण्यांतून ऐंशी हजारांच्या आसपास बाल्टिक, युक्रेनियन आणि इतर लोकांना सरकारी खर्चाने आणून शेतांवर, खाणींत, गिरण्यांत लावले. आयर्लंडची माणसे तर बिनबोभाट येतच होती आणि शतकभर स्थलांतरितांचा सर्वांत मोठा गट तोच राहिला.

२२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियनमधले काही शे प्रवासी घेऊन टिलबरीला लागले. त्यांच्यात महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात काम केलेले बरेच तरुण होते. त्याच दिवशी मजूर पक्षाच्या ११ खासदारांनी पंतप्रधान ॲटलींना पत्र लिहून अशा लोकांच्या येण्याला आळा घाला, अशी मागणी केली. ज्यांची राहायची सोय नव्हती, त्यांना क्लॅपम साउथच्या हवाई हल्ल्यापासून बचावाच्या भुयारात उतरवले गेले. तिथून जवळचे रोजगार केंद्र ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर होते. माणसे तिथे कामाला गेली, आसपास खोल्या मिळाल्या, मग त्यांच्या ओळखीचे आले. ब्रिक्स्टन कॅरिबियन वस्ती झाली ती अशी.

त्याच वर्षी झालेल्या नागरिकत्व कायद्याने वसाहतींतल्या आणि राष्ट्रकुलातल्या सर्वांचा ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा हक्क कायम ठेवला. त्यामागे स्थलांतराला उत्तेजन देण्याचा विचार नव्हता. कॅनडाने स्वतःचे वेगळे नागरिकत्व जाहीर केल्यावर साम्राज्याची वीण उसवू नये, एवढाच हेतू होता. पण दार उघडे राहिले आणि आत काम होते. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६ पासून थेट बार्बाडोसमध्ये भरती सुरू केली. जालंधरकडचे पंजाबी वुल्व्हरहॅम्प्टन आणि स्मेदिकच्या ओतशाळांत आणि साउथॉलच्या रबर कारखान्यात लागले. यॉर्कशरच्या लोकर गिरण्यांनी महागडी नवी यंत्रे घेतली होती आणि पैसा वसूल करायचा तर ती रात्रंदिवस चालायला हवी होती. स्त्रियांना रात्रपाळीला लावण्यावर कायद्याची बंधने होती आणि गोरे पुरुष त्या पगारात रात्रपाळीला तयार नव्हते. ती रात्र मीरपूरच्या माणसांनी उचलली. मंगला धरणाखाली त्यांची गावे बुडणार होती आणि त्यांतल्या अनेकांनी ब्रॅडफर्डची वाट धरली.

डॉक्टरांचेही असेच झाले. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदव्यांना ब्रिटनमध्ये मान्यता होती, ती १९७५ पर्यंत टिकली. त्यामुळे कित्येक मराठी डॉक्टर तिकडे गेले. वृद्धांचे विभाग, मनोरुग्णालये, खाण भागातले दवाखाने, अशा ज्या जागा गोऱ्या डॉक्टरांना नको असत, त्या या लोकांनी सांभाळल्या. राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहिली त्यात त्यांच्या घामाचा वाटा मोठा आहे.

खोली कशी मिळायची

काम मिळे, पण घर मिळत नसे. या एका अडचणीने पुढच्या संघर्षाला आकार दिला, म्हणून ती जवळून पाहिली पाहिजे. जॉन रेक्स आणि रॉबर्ट मूर या समाजशास्त्रज्ञांनी बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रूक भागाचा अभ्यास करून १९६७ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात दिसलेली साखळी अशी होती.

पालिकेचे घर हवे असेल तर आधी शहरात पाच वर्षे राहिलेले असणे आवश्यक होते. म्हणजे नवख्या माणसाला ते बंद. खासगी मालक खिडकीतल्या पाटीवरच ‘काळ्यांना जागा नाही’ असे लिहीत. चांगल्या वस्तीतल्या घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्था दारात उभे करीत नसत. मग उरत ती पडझडीला आलेली, व्हिक्टोरियन काळातली मोठी घरे. ती कोणालाच नको असल्याने विकत मिळत, पण महाग व्याजाच्या, थोड्या मुदतीच्या कर्जावर. हप्ते फेडायचे तर प्रत्येक खोलीत भाडेकरू ठेवणे भाग पडे. खोलीगणिक एक कुटुंब, एका नळावर दहा जण अशी स्थिती झाली, की पालिकेचा निरीक्षक येऊन गर्दी केल्याबद्दल दंड करी आणि शेजारी म्हणत, हे लोक असेच राहतात. ज्या पालिकेने त्यांना घर नाकारले, तीच त्यांना घाणेरडे ठरवत होती.

यातून वाट काढायला त्यांनी आपलीच साधने वापरली. कॅरिबियन लोकांत ‘पार्डनर’ नावाची पद्धत होती, म्हणजे आपली भिशीच. दर आठवड्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची आणि आळीपाळीने एकेकाने सगळी उचलायची. बँकेने नाकारलेल्या कित्येकांनी या पैशातून घराची पहिली रक्कम भरली.

दंगल आणि तिचा अर्थ

ऑगस्ट १९५८ मध्ये आधी नॉटिंगहॅममध्ये आणि मग लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी कृष्णवर्णीयांवर आणि त्यांच्या घरांवर हल्ले केले. त्या वेळी देशाच्या लोकसंख्येत गोरेतरांचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. न्यायाधीश सामन यांनी नऊ गोऱ्या तरुणांना चार-चार वर्षांची शिक्षा ठोठावली आणि न्यायालयापुरता प्रश्न स्पष्ट झाला: हल्ला करणारे गुन्हेगार आहेत. राजकारणात मात्र उलटे घडले. दंगल झाली म्हणजे संख्या जास्त झाली, हा निष्कर्ष काढला गेला. मार खाणाऱ्याचे अस्तित्वच मारामारीचे कारण ठरले.

नॉटिंग हिलच्या लोकांनी दुसरे उत्तर शोधले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतून साम्यवादी म्हणून हद्दपार झालेल्या क्लॉडिया जोन्स यांनी ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे वृत्तपत्र चालवले आणि जानेवारी १९५९ मध्ये सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. आजच्या प्रचंड नॉटिंग हिल कार्निव्हलच्या मुळाशी तो आहे. त्याच वर्षी मे महिन्यात केल्सो कॉक्रन या सुताराचा नॉटिंग हिलमध्ये रस्त्यावर खून झाला. खुनी कधीच सापडले नाहीत. त्याच्या अंत्ययात्रेला शेकडो काळे-गोरे लोक चालले.

सरकारने १९६२ मध्ये राष्ट्रकुल स्थलांतर कायदा आणला. आता राष्ट्रकुलातल्या माणसाला येण्यासाठी कामाचे व्हाउचर लागणार होते. कायद्यात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. पण गृहमंत्री रॅब बटलर यांनी मंत्रिमंडळाला दिलेल्या टिपणात मोकळेपणाने लिहिले होते, की या योजनेची खुबी ही, की ती भेदभावाची दिसत नाही, तिचा मारा मात्र जवळजवळ केवळ गोरेतरांवरच होईल. आयर्लंडहून येणाऱ्यांना ती प्रत्यक्षात लागू झालीच नाही.

या कायद्याचे परिणाम पाहण्यासारखे आहेत, कारण आळा घालण्याचे सगळे तर्कशास्त्र इथे उघडे पडते. १९६० मध्ये भारत आणि पाकिस्तान मिळून ८,४०० च्या आसपास लोक ब्रिटनमध्ये आले होते. दार बंद होणार अशी कुणकुण लागल्यावर १९६१ मध्ये हा आकडा ४९ हजारांजवळ गेला. तोवर पंजाबी, मीरपुरी पुरुष एकटे येत, चार-पाच वर्षे कमावत, गावी जात, त्यांच्या जागी भाऊ किंवा पुतण्या येई. ही ये-जा कायद्याने संपली. एकदा परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या धास्तीने माणसे इथेच थांबली आणि बायकामुलांना बोलावून घेतले. फिरता मजूर होता तो कायमचा रहिवासी झाला. ज्या वस्त्या होऊ नयेत म्हणून कायदा केला, त्या कायद्यानेच पक्क्या झाल्या.

सूत्राची परीक्षा

ह्यू गेट्सकेल यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाने १९६२ च्या कायद्याला कडवा विरोध केला होता. दोन वर्षांनी स्मेदिकमध्ये पक्षाला धक्का बसला. देशभर मजूर पक्षाकडे कल असताना तिथे पक्षाचे नियोजित परराष्ट्रमंत्री पॅट्रिक गॉर्डन वॉकर, स्थलांतरितांविरुद्ध प्रचार करणाऱ्या हुजूर पक्षाच्या पीटर ग्रिफिथ्स यांच्याकडून हरले. तिथल्या मार्शल स्ट्रीटवरची रिकामी होणारी घरे पालिकेने विकत घेऊन फक्त गोऱ्यांना द्यावीत, अशी हालचाल सुरू झाली. इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या निमंत्रणावरून फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स ती गल्ली पाहून गेले. गृहनिर्माणमंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी पालिकेची योजना अडवली. पण सत्तेतल्या मजूर पक्षाने स्मेदिकचा धडा घेतला तो असा: त्याच वर्षी त्याने व्हाउचरची संख्या वर्षाला साडेआठ हजारांवर आणली.

त्याच वर्षी पहिला वर्णसंबंध कायदाही झाला. खासदार फेनर ब्रॉकवे यांनी अशा कायद्याचे विधेयक तोवर नऊ वेळा मांडून पाहिले होते. हा कायदा हॉटेले, पब, चित्रपटगृहे, बसगाड्या अशा सार्वजनिक जागांपुरताच होता. घर आणि नोकरी, म्हणजे जिथे खरा जाच होता, ती क्षेत्रे बाहेरच राहिली. १९६७ मध्ये ‘पीईपी’ या संशोधन संस्थेने एक पाहणी केली. एकाच नोकरीसाठी, एकाच खोलीसाठी तीन माणसे पाठवली: एक कॅरिबियन, एक हंगेरियन, एक इंग्रज. हंगेरियनाला परका असूनही कॅरिबियनापेक्षा खूप चांगली वागणूक मिळाली. प्रश्न परकेपणाचा नसून रंगाचा आहे, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता? या अहवालाच्या आधाराने १९६८ चा व्यापक कायदा आला.

आता सूत्राची परीक्षा घेऊ. १ मार्च १९६८ ला केनियन आशियाईंची वाट बंद झाली. सूत्र खरे असते तर या आळ्याने लोकांची भीती निवळायला हवी होती. २० एप्रिलला बर्मिंगहॅममध्ये हुजूर पक्षाचे इनॉक पॉवेल यांनी रक्तपाताची भविष्यवाणी करणारे भाषण केले. त्यांचा रोख समतेच्या दुसऱ्या विधेयकावर होता. याच पॉवेल यांच्या आरोग्यमंत्रिपदाच्या काळात भारतीय, पाकिस्तानी डॉक्टर रुग्णालये चालवत होते. पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना दुसऱ्याच दिवशी छाया मंत्रिमंडळातून काढले, पण गॅलपच्या पाहणीत चारांपैकी जवळजवळ तिघे त्यांच्या बाजूने निघाले आणि लंडनचे गोदी कामगार त्यांच्या समर्थनार्थ संसदेवर चालून गेले. दार बंद केल्याने भीती शमली नाही. भीती रास्त आहे, असे सरकारनेच कबूल केल्यासारखे झाले.

पुढे १९७१ च्या कायद्याने, ज्यांचे आईबाप किंवा आजीआजोबा ब्रिटनमध्ये जन्मले त्यांना मुक्तद्वार आणि इतरांवर निर्बंध, अशी व्यवस्था आणली. तिचा फायदा मुख्यतः ऑस्ट्रेलिया, कॅनडातल्या गोऱ्यांना झाला. १९७३ मध्ये युरोपीय मानवी हक्क आयोगाने केनियन आशियाईंना दिलेली वागणूक वर्णभेदाची आणि म्हणून मानहानीकारक ठरवली. १९७९ मध्ये उघड झाले, की लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी घेतली गेली होती. दारावरचा संशय माणसाला कुठवर उघडे पाडू शकतो, याचे हे टोक. १९८१ च्या कायद्याने केवळ ब्रिटनमध्ये जन्मल्यामुळे मुलाला आपोआप मिळणारे नागरिकत्वही काढून घेतले.

याला एक ठळक अपवाद आहे. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले, तेव्हा हीथ सरकारने २८ हजारांच्या आसपास लोकांना घेतले. लेस्टर पालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात ‘आमच्याकडे येऊ नका’ अशी जाहिरात दिली. लोक तरीही आले. पुढे त्यांच्याच दुकानांनी आणि कारखान्यांनी लेस्टरला हातभार लावला आणि १९८७ मध्ये लेस्टर ईस्टने गोव्याकडच्या घराण्यातले कीथ व्हाझ यांना संसदेत पाठवले. त्याच निवडणुकीत डायान ॲबट, बर्नी ग्रँट आणि पॉल बोटेंग हे तीन कृष्णवर्णीय खासदारही निवडून आले.

खालून आलेला न्याय

पहिली लढत ब्रिस्टलची. तिथल्या बस कंपनीत गोरेतरांना साफसफाईला, दुरुस्तीला घेत, पण ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून नाही. कामगार संघटनेच्या स्थानिक शाखेने १९५५ मध्ये तसा ठरावच केला होता. १९६३ मध्ये पॉल स्टीफन्सन या तरुण समाजकार्यकर्त्याने गाय बेली नावाच्या मुलासाठी मुलाखतीची वेळ घेतली आणि नंतर कंपनीला कळवले, की मुलगा वेस्ट इंडियन आहे. मुलाखत रद्द झाली. पुरावा हातात आल्यावर रॉय हॅकेट आणि साथीदारांनी बसवर बहिष्कार पुकारला. विद्यार्थी आले, मजूर पक्षाचे टोनी बेन आले, आणि त्रिनिदादचे उच्चायुक्त म्हणून तेव्हा लंडनमध्ये असलेले लिअरी कॉन्स्टंटाइन जाहीरपणे पाठीशी उभे राहिले. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला, कंपनीने बंदी उठवली. सप्टेंबरात ब्रिस्टलच्या बसवर चढलेला पहिला गोरेतर कंडक्टर होता रघबीर सिंग हा शीख. कॅरिबियन लोकांनी लढवलेल्या लढ्याचे पहिले फळ एका पंजाब्याच्या हाती आले. दोन वर्षांनी आलेल्या कायद्यामागे या बहिष्काराचा रेटा होता आणि त्या कायद्याने नेमलेल्या मंडळावर कॉन्स्टंटाइन यांची नियुक्ती झाली.

दुसरी लढत ग्रनविकची. लंडनच्या विल्सडन भागात टपालाने येणारी फोटोची रिळे धुऊन देणारा हा कारखाना. कामाला मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका. तिथे त्यांची घरे-दुकाने होती, इथे सक्तीचा ओव्हरटाइम आणि लघवीला जायलाही परवानगी. ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई काम टाकून बाहेर पडल्या. साडी नेसलेल्या बायका दारात फलक धरून उभ्या राहिल्या, थंडीत साडीवर कोट चढवून उभ्या राहिल्या. संघटनेत सामील झालेल्या १३७ जणांना कंपनीने कामावरून काढले. क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी कंपनीची टपालपोती हाताळायला नकार दिला. ११ जुलै १९७७ ला हजारो लोक जमले. यॉर्कशरचे खाणकामगार आले, आणि नऊ वर्षांपूर्वी ज्यांचे भाऊबंद पॉवेलसाठी चालले होते, ते गोदी कामगारही आले. संप अखेर हरला. वरिष्ठ संघटनांनी हात आखडता घेतला, न्यायालयांनी साथ दिली नाही आणि जुलै १९७८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. पण आशियाई बाई मुकाट्याने राबते, हा समज तिथे कायमचा मोडला आणि गोऱ्या कामगार चळवळीला आपल्या घरातल्या भेदाकडे पाहावे लागले.

१९७६ च्या वर्णसंबंध कायद्यातली महत्त्वाची भर म्हणजे अप्रत्यक्ष भेदभाव. नियम सर्वांना सारखा दिसतो, पण त्याचा फटका एकाच समाजाला बसतो, तेही बेकायदा ठरले. बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेने शीख मुलाला पगडी काढल्याशिवाय प्रवेश नाकारला, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८३ मध्ये याच तरतुदीने त्याच्या बाजूने निकाल दिला. तरतूद संसदेने केली, पण ती वापरायला एका बापाला कोर्टाची पायरी चढावी लागली.

वर्दीतला भेद

१९७६ च्या कायद्याने एक मोठे क्षेत्र जवळजवळ बाहेर ठेवले होते: पोलिसांचा कारभार. १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यातल्या कलमाखाली केवळ संशयावरून तरुणांना पकडले जाई. ‘सस’ या नावाने ते कलम कृष्णवर्णीय वस्त्यांत बदनाम होते. जानेवारी १९८१ मध्ये लंडनच्या न्यू क्रॉसमधल्या एका घरातल्या वाढदिवसाच्या समारंभात आग लागून १३ कृष्णवर्णीय मुले-मुली दगावली. वृत्तपत्रांनी आणि सत्ताधाऱ्यांनी दाखवलेली बेपर्वाई लोकांच्या जिव्हारी लागली आणि २ मार्चला हजारोंनी लंडनमधून मोर्चा काढला. एप्रिलच्या सुरुवातीला पोलिसांनी ब्रिक्स्टनमध्ये ‘स्वॉम्प ८१’ ही मोहीम चालवून ९४३ जणांना रस्त्यात अडवले. १० ते १२ एप्रिल ब्रिक्स्टन पेटले, जुलैत साउथॉल, लिव्हरपूलचे टॉक्स्टेथ आणि इतर शहरे. लॉर्ड स्कार्मन यांच्या चौकशीने वंचना आणि पोलिसांची वागणूक दोन्हींवर बोट ठेवले, पण पोलीस दल संस्था म्हणून वर्णभेदी आहे हे मान्य केले नाही.

ते मान्य व्हायला आणखी १८ वर्षे आणि एक खून लागला. २२ एप्रिल १९९३ च्या रात्री लंडनच्या एल्टममध्ये बसची वाट पाहणाऱ्या १८ वर्षांच्या स्टीफन लॉरेन्सला गोऱ्या तरुणांनी भोसकले. पोलिसांकडे एक-दोन दिवसांत संशयितांची नावे आली होती, तरी अटक लांबली. त्याचे आईवडील डोरीन आणि नेव्हिल लॉरेन्स थकले नाहीत. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने ‘संस्थात्मक वर्णभेद’ हे निदान लंडनच्या पोलीस दलावर नोंदवले आणि २००० च्या कायद्याने पोलिसांना अखेर समतेच्या कक्षेत आणले. खुनाबद्दल दोघांना शिक्षा झाली ती २०१२ मध्ये.

हिशेब

अभ्यासकांत या प्रश्नावर दोन ठळक मते आहेत. कॅथलीन पॉल यांच्या मते लोकांत भीती होती म्हणून सरकार कठोर झाले असे नाही. युरोपीय मजुरांना हात देणाऱ्या आणि वसाहतींतल्या नागरिकांकडे संकट म्हणून पाहणाऱ्या राज्यकर्त्यांनीच हवा तयार केली. रँडल हॅन्सन यांच्या मते राज्यकर्ते जनतेपेक्षा उदार होते आणि दबावाखाली, अनिच्छेने त्यांनी दार लोटले. हॅन्सन यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. १९४८ ते १९६२ ही १४ वर्षे दार खरोखरच उघडे होते आणि युगांडाच्या वेळी हीथ यांनी धैर्य दाखवले. पण बटलर यांचे टिपण आणि १९६८ चे ते तीन दिवस पाहिले, की पारडे पॉल यांच्या बाजूला झुकते. या दोन्ही मांडण्यांत रस्त्यावरचा माणूस मात्र कडेला राहतो. ती उणीव ए. सिवानंदन, पीटर फ्रायर आणि भारतीय खलाशी-आयांचा इतिहास खणून काढणाऱ्या रोझिना विसराम यांनी भरून काढली.

सलोखा संख्येवर अवलंबून असतो, हा दावा आकडेच खोडतात. १९१९ मध्ये गोरेतर मूठभर होते आणि खून पडले. १९५८ मध्ये अर्ध्या टक्क्याहून कमी होते आणि दंगल झाली. १९९१ च्या जनगणनेत वांशिक अल्पसंख्य ५.५ टक्के, म्हणजे तीस लाखांच्या घरात निघाले. तोवर कायदे, खासदार, लेखक, शेजार सगळे बदलले होते. लॉरेन्सचा खून त्यानंतरचा आहे, म्हणून विजयाची भाषा करण्याचे कारण नाही. पण बदलाचे श्रेय दार बंद करण्याला देता येत नाही.

दारावरच्या कायद्याचे देणे तर शतक उलटल्यावरही फिटले नव्हते. १९७१ च्या कायद्याने आधीपासून राहणाऱ्यांना कायम वास्तव्याचा हक्क दिला होता, पण कागद दिला नव्हता. २०१८ मध्ये उघडकीस आले, की लहानपणी कॅरिबियनमधून आलेल्या आणि आयुष्यभर कर भरलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे सरकार तो कागद मागत होते. कोणाची नोकरी गेली होती, कोणाचे उपचार थांबले होते, आणि ऐंशीहून अधिक लोकांना चुकीने देशाबाहेर काढले गेले होते.

समतेचे कायदे निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही. पाच गिन्यांपासून अप्रत्यक्ष भेदभावापर्यंतचा प्रवास मोठा आहे आणि युरोपातल्या अनेक देशांच्या आधी ब्रिटनने तो केला. पण जे सरकार एका हाताने समतेचे वचन देते आणि दुसऱ्या हाताने ‘तुमच्यासारखे आणखी नकोत’ असा कायदा करते, त्याच्या वचनावर आत राहणाऱ्याने किती विसंबावे? आपल्या माणसांना बाहेर संकट मानले जात असताना घरात बरोबरीचे स्थान मिळत नाही. हे जयाबेनना, स्टीफन्सनना, लॉरेन्स दांपत्याला कळले होते, म्हणून त्यांनी वचनाची वाट पाहिली नाही. ब्रिटनच्या विसाव्या शतकात न्यायाची जी काही भर पडली, ती मुख्यतः या लोकांची कमाई आहे आणि तिचा मान त्यांनाच मिळायला हवा.